वादळातील मत्स्यालय

जपानच्या दक्षिणेस ओकिनावा नावाचे एक चिंचोळे, लांबट बेट आहे. उन्हाळ्यात व शरद ऋतूच्या आरंभी या बेटावर मोठमोठी वादळे येतात. तिकडे त्यांना 'टायफून' म्हणतात, अमेरिकेत 'हरिकेन' म्हणतात आणि आपण 'चक्रीवादळ' म्हणतो. नावे तीन, पण वस्तू एकच. वादळ जवळ येऊ लागले की विमाने रद्द होतात, बोटी बंदरात अडकतात आणि समुद्रस्नानासाठी आलेला प्रवासी खिडकीतून पाऊस पाहत बसतो. अशा वेळी वारा फार चढण्यापूर्वी पुष्कळ प्रवासी नाहा या शहरापासून सुमारे ९० किलोमीटर दूर असलेल्या मोतोबू या गावाची वाट धरतात. तेथे 'चुराउमी' नावाचे विशाल मत्स्यालय आहे. 'चुराउमी' म्हणजे सुंदर समुद्र. वादळ अगदी डोक्यावर आले, म्हणजे मात्र त्याचेही दरवाजे बंद होतात.

हे मत्स्यालय १ नोव्हेंबर २००२ रोजी सुरू झाले. त्यातील सर्वांत मोठ्या टाकीला 'कुरोशिओ' या सागरी प्रवाहाचे नाव दिलेले आहे. हा उबदार पाण्याचा प्रवाह ओकिनावाजवळून उत्तरेकडे वाहतो. टाकीची लांबी ३५ मीटर, रुंदी २७ मीटर आणि खोली १० मीटर असून तिच्यात ७५ लाख लिटर पाणी मावते. बाहेर नारळीची झाडे वाऱ्याने वाकत असतात, लाटा खडकांवर आदळत असतात; आत मात्र निळसर अंधारात सारे शांत असते. त्या निळाईतून आठ मीटरांहून लांब असा व्हेल शार्क सावकाश पुढे येतो. नावात 'व्हेल' असला तरी हा देवमासा नव्हे. ही मुशीची जात आहे आणि जगातील सर्वांत मोठा मासा तो हाच. एवढ्या अवाढव्य प्राण्याचे अन्न मात्र बारीक जीव व कोळंबीसारखे लहान प्राणी! खाताना तो कित्येकदा शेपटी खाली व तोंड वर करून पाण्यात उभा राहतो. टाकी इतकी खोल असल्यामुळेच हे दृश्य तेथे पाहावयास मिळते. त्याच्या भोवती मांटा जातीची प्रचंड पाकटे पक्ष्यांसारखी पंख हलवीत फिरत असतात.

प्रेक्षक आणि हे पाणी यांच्यामध्ये एकच पारदर्शक भिंत असते. ती २२.५ मीटर रुंद, ८.२ मीटर उंच आणि ६० सेंटिमीटर जाड आहे. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टन पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढी जाडी कशाला, हे सहज कळते. ही भिंत काचेची नाही. ती अॅक्रिलिकची आहे. जाड काच हिरवट दिसते व फार जड होते. अॅक्रिलिक काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचे असून त्याचे तक्ते एकमेकांना जोडले तरी सांधा डोळ्यांना दिसत नाही. वादळाचा वारा अशा भिंतीला काही करू शकत नाही. मत्स्यालयाला वादळाचे खरे भय निराळेच असते.

समुद्रातील माशांना वादळाचा जाच वरच्या थरात अधिक होतो. खाली जावे तसा लाटेचा जोर झपाट्याने कमी होतो. म्हणून कित्येक मासे खोल पाण्यात उतरतात, तर काही प्रवाळांच्या कपारींत दडून बसतात. टाकीतील माशाला असा आसरा नाही. त्याचा समुद्र विजेवर चालतो! एक लिटर हवेत जितका प्राणवायू असतो, त्याच्या सुमारे चाळिसावा हिस्साच एक लिटर उबदार समुद्रजलात विरघळलेला असतो. तेवढ्यावर मासा जगतो. खुल्या समुद्रात लाटा व वारे पाण्यात प्राणवायू मिसळत राहतात. टाकीत हे काम पंपांना रात्रंदिवस करावे लागते. शिवाय माशांच्या शरीरातून अमोनिया हा विषारी पदार्थ पाण्यात उतरतो. गाळण्यांमध्ये वाढलेले सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व मग त्याहून पुष्कळ निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या चिमुकल्या सेवकांनाही प्राणवायू लागतोच. पंप थांबला की मासे गुदमरू लागतात आणि पाणी शुद्ध करणारे जीवाणूही मरू लागतात. त्यातून पाणी तापले, तर त्यात प्राणवायू आणखीच कमी मावतो. म्हणून वादळाची सूचना मिळताच मत्स्यालयातील लोक पहिल्याने वीज निर्माण करणारे जनित्र तपासतात, इंधन भरून ठेवतात आणि काही जण रात्रभर टाक्यांपाशी राहतात.

हे भय कल्पनेतले नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात मिसिसिपी नदीच्या काठी १९९० साली एक मोठे मत्स्यालय उघडले होते. २९ ऑगस्ट २००५ रोजी 'कतरिना' वादळ त्या शहरावर आले. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. मत्स्यालयाची इमारत उंचवट्यावर असल्याने जवळजवळ अभंग राहिली आणि कर्मचारीही जागेवर होते. पण पुढे शहरातील परिस्थिती इतकी बिघडली की त्यांना इमारत सोडणे भाग पडले. जनित्र बंद पडले. ऑगस्टअखेरचा तो उकाडा! सुमारे दहा हजार माशांपैकी बहुतेक सारे मेले. पाण्याच्या पुरातून वाचलेले ते मासे आपल्याच टाकीतील पाण्यात गुदमरले.

वाचले कोण, हे पाहण्यासारखे आहे. एकोणीस पेंग्विन, दोन समुद्री ऊद, एक पांढरी सुसर आणि मायडास नावाचे हिरवे समुद्रकासव. हे सारे पाण्यात राहतात, पण श्वास वरच्या हवेत घेतात. पंप थांबल्याने त्यांची हवा थांबली नाही. नियमाला अपवादही होता. समुद्री ड्रॅगन हे नाजूक मासे त्या संकटातून जगले.

पेंग्विन व ऊद यांना कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील मत्स्यालयात नेण्यात आले. इकडे टाक्या धुऊन पुन्हा भरण्याचे काम सुरू झाले. समुद्राचे पाणी एका दिवसात भरता येईल. गाळणीतील जीवाणू वाढावयास मात्र कित्येक आठवडे लागतात, आणि त्यांच्याविना मासे सोडून उपयोग नसतो. मे २००६ मध्ये पेंग्विन विमानाने परत आले, आणि त्याच महिन्यात मत्स्यालयाचे दरवाजे प्रेक्षकांसाठी पुन्हा उघडले.