सुईऐवजी लाळ : मिरगीच्या औषधाची सोपी तपासणी

मिरगी असलेल्या मुलाच्या घरात दोन भीती असतात. एक फिटची, दुसरी सुईची. औषधाचे रक्तातले प्रमाण कमी पडले तर फिट पुन्हा येते. जास्त झाले तर मूल पेंगते, चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात. वर्गात पेंगणारे असे मूल आळशी नसते, हे आम्ही शिक्षकांनी आणि घरच्यांनीही ओळखायला हवे. प्रमाण तपासायचे तर रक्त द्यावे लागते आणि मूल रडते म्हणून कित्येक आईबाप तपासणीच टाळतात.

काही औषधांसाठी यावर एक सोपा मार्ग आहे, तो म्हणजे लाळ. फेनिटोइन हे जुने, स्वस्त औषध घ्या. रक्तात गेल्यावर त्यातले सुमारे ९० टक्के प्रथिनांना चिकटून राहते. उरलेले १० टक्के मोकळे असते आणि मेंदूपर्यंत पोहोचून काम करते तेवढेच. लाळेत उतरते तेही हेच मोकळे औषध. म्हणून रक्तात मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम असेल, तर लाळेत साधारण १ ते २ सापडते. अशक्तपणात किंवा गरोदरपणात रक्तातली प्रथिने घटतात, तेव्हा रक्ताचा साधा आकडा फसवू शकतो. लाळेचा आकडा मोकळ्या औषधाचा अंदाज देतो. कार्बामाझेपिनलाही ही तपासणी लागू पडते. व्हॅल्प्रोएटसाठी मात्र लाळेवर भरवसा ठेवता येत नाही.

नमुना सहसा सकाळची गोळी घेण्याआधी देतात. आधी तोंड स्वच्छ धुऊन थोडे थांबायचे, मग लहान बाटलीत लाळ जमवायची. तोंडात गोळीचा किंवा सिरपचा अंश राहिला, हिरड्यांतून रक्त आले, तर आकडा चुकतो.

ही सोय प्रत्येक लॅबमध्ये मिळत नाही. तरीही आपल्या मुलाच्या औषधासाठी ती चालेल का, असे डॉक्टरांना जरूर विचारा. आकडा काहीही येवो, डोस मनाने बदलू नका. फेनिटोइनचा डोस थोडासा वाढला तरी रक्तातले प्रमाण एकदम चढू शकते. रमजानमध्ये गोळीची वेळ बदलायची असेल, तर तेही आधी डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.