इंजिन बदललं, गाडी सुरू होईना: शोध कुठून सुरू करायचा?

मागे ‘कंट्रोल’ म्हणजे काय यावर लिहिलं, तेव्हा काहींनी प्रयोगशाळेबाहेरचं उदाहरण मागितलं. आमच्या हिमायतनगरात, म्हणजे जुन्या लोकांच्या वाढोण्यात, असं उदाहरण गॅरेजात सापडतं.

समजा, एका जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० चं इंजिन गेलं. मालकाने ओम्नीचं जुनं इंजिन आणून बसवलं. (त्याची नोंद आरटीओत करावी लागते, तो वेगळा विषय.) कल्पना वाईट नाही, दोन्हीत ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचंच इंजिन. जमवलेले पैसे संपले, किल्ली फिरवली, आणि गाडी सुरू होईना. आता भोवती जमलेली चार माणसं चार गोष्टी सुचवतात: बॅटरी, प्लग, कॉइल, पंप. सगळंच बदललं तर गाडी सुरू होईलही, पण कशामुळे झाली ते कधीच कळणार नाही. तुमच्या लॅबमधलं यंत्र दुरुस्तीनंतर बिघडतं तेव्हा आपण नेमकं हेच करतो.

त्यापेक्षा विचारा: काय चालत होतं, आणि मधे काय हललं? गाडीची वायरिंग आधी ठीक होती. इंजिन ओम्नीत चालताना कुणी ऐकलं होतं का? नसेल, तर ‘इंजिन चांगलं आहे’ हे गृहीतक झालं, निरीक्षण नव्हे. ऐकलं असेल, तर पहिला संशय सांध्यांवर घ्या. जे जे सोडलं आणि परत जोडलं, ते आधी बघा.

त्यात सगळ्यात फसवी ती अर्थिंगची पट्टी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, त्यामुळे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलं असतं. पट्टी जोडायची राहिली, किंवा नटाखाली गंज वा रंग राहिला, तर स्टार्टर नुसता ‘टक्’ करतो आणि सगळे बॅटरीला दोष देतात. कधी कधी करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. वाचन अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. तीन-चार व्होल्ट दिसले तर वाट तिथेच अडली आहे. स्टार्टर न मारता हेच वाचन घेतलं तर शून्याच्या आसपास येईल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. करंटच वाहत नसेल तर व्होल्ट पडणार कुठून? मोजमाप बरोबर, प्रश्न चुकीचा, असं संशोधनात फार होतं.

आणि हो, टेस्ट लॅम्प वापरणार असाल तर आधी थेट बॅटरीवर लावून पेटतो का बघा. न पेटलेला दिवा दोन गोष्टी सांगू शकतो. हाच तो कंट्रोल.

इंजिन नीट फिरतंय पण पेट घेत नाही? मग शक्यता निम्म्यावर आणा: ठिणगी की पेट्रोल? (ठिणगी तपासताना पेट्रोलची वाफ आसपास नको.) ठिणगी आहे, प्लगही ओले आहेत, तर उरतं टायमिंग. पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो. काही इंजिनांत डिस्ट्रिब्युटर चुकीच्या फेरीवर, १८० अंशांनी उलटा बसू शकतो. ठिणगी पडते, पण वेळ चुकते; मग कार्ब्युरेटरमधून फटके येतात. आणलेलं इंजिन एमपीएफआय असेल तर गोष्टच वेगळी. त्याला ईसीयू, सेन्सर आणि जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप लागतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत यातलं काहीच नसतं.

या सगळ्यात प्रत्येक प्रयत्नाला बॅटरी उतरते, हे लोक विसरतात. आराम दिलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. पाचव्या प्रयत्नाला ती खाली आलेली असते आणि तुम्ही वेगळीच गाडी तपासत असता. म्हणून चार्जर लावा, आणि प्रत्येक वाचनाशेजारी बॅटरीचे व्होल्ट वहीत लिहा.

पट्टी घट्ट केली आणि गाडी सुरू झाली, तर गाडी बंद करून पट्टी पुन्हा सोडा आणि क्षणभरच किल्ली फिरवा. ‘टक्’ परत आला का? मिस्त्री हसेल. पण तो आवाज परत आला नाही, तर गाडी दुसऱ्याच कशामुळे तरी सुरू झाली आहे, आणि ते कारण अजून गाडीतच आहे.