हार्ड डिस्कच्या रांगेचा कारभार कोणाकडे?

वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावात टपाल वाटायचे, तर काम दोन जागी विभागलेले असते. कोणते टपाल तातडीचे, हे टपाल कार्यालय जाणते. कोणत्या गल्लीतून आधी जावे, हे पोस्टमन जाणतो. संगणकातील ऑपरेटिंग सिस्टीम आणि हार्ड डिस्क यांच्यातही अशीच कामाची वाटणी आहे. ती बिघडली की संगणक रेंगाळतो. त्यात अचानक वीज गेली, तर 'सेव्ह' केलेली माहितीही गमावण्याची वेळ येते.

विलंब कशामुळे?

मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कच्या चकतीला एका फेरीस सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. शिवाय माहिती वाचणारा दांडाही हवा त्या जागी सरकावा लागतो. त्यामुळे विनंत्या आल्या त्या क्रमाने न घेता, लिफ्ट वाटेतले मजले घेत जाते तशा घेतल्या, तर बराच वेळ वाचतो.

कोणाला काय ठाऊक?

पूर्वी हा क्रम प्रामुख्याने ऑपरेटिंग सिस्टीम लावत असे. मात्र आजची डिस्क आपली अंतर्गत रचना उघड करीत नाही. बाहेर दिसतात ते केवळ ओळीने दिलेले क्रमांक. चकती या क्षणी नेमकी कुठे आहे, हे डिस्कलाच कळते. म्हणून 'साटा' डिस्कमध्ये 'नेटिव्ह कमांड क्यूइंग' ही सोय आली. तिच्यामुळे डिस्क एका वेळी ३२ विनंत्या स्वीकारून त्यांचा क्रम स्वतः लावू शकते.

विनंती कोणाची व किती निकडीची, हे मात्र डिस्कला सहसा कळत नाही. जवळची कामे उरकण्याच्या नादात दूरची विनंती ताटकळते. यावर उपाय म्हणून 'लिनक्स'मधील 'डेडलाइन' पद्धतीत वाचनाच्या विनंतीस अर्धा सेकंद आणि लेखनाच्या विनंतीस पाच सेकंद अशी मुदत मुळातच ठरवलेली असते. मुदत उलटलेल्या विनंतीला मग प्राधान्य मिळते.

वीज गेली तर?

लिहायची माहिती डिस्क आधी आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेते आणि 'काम झाले' असे कळवून टाकते. नेमकी त्याच क्षणी वीज गेली, तर ती माहिती चकतीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून महत्त्वाच्या नोंदींनंतर ऑपरेटिंग सिस्टीम ही स्मृती रिकामी करण्याचा आदेश देते. डिस्कने तो पाळला, तरच नोंद सुरक्षित राहते.

चकती नसलेल्या 'एसएसडी'मध्ये दांडा सरकण्याचा प्रश्नच नाही. 'एनव्हीएमई' पद्धतीत तर हजारो रांगांची सोय आहे. त्यामुळे तेथे 'लिनक्स' बहुधा क्रम न लावताच विनंत्या पुढे पाठवते. मात्र अनेक एसएसडींमध्येही तात्पुरती स्मृती असते. म्हणून वीज वारंवार जाणाऱ्या भागात यूपीएस बसवणे आणि संगणक रीतसर बंद करणे, हीच शहाणपणाची सवय ठरते.