घर सामाईक, हिशेब चोख

राजगडावर चढणाऱ्या जुन्या राजवाटेच्या दरवाज्याला पाली हे नाव आहे आणि त्या दरवाज्याखालच्या गावालाही तेच नाव आहे. वेल्हे परिसरातील हे गाव पुण्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. भोर-वेल्ह्याच्या या डोंगराळ भागाकडे आज अनेक शहरी कुटुंबांचे डोळे लागले आहेत. मुले परदेशी गेलेली, बंगला मोठा आणि माणसे दोनच, अशा घरांतून एक विचार पुढे येतो: दहा-बारा समविचारी कुटुंबांनी एकत्र जागा घ्यावी, प्रत्येकाचे छोटे घर वेगळे असावे आणि स्वयंपाकघर, स्वाध्यायकक्ष व पाहुण्यांच्या खोल्या सर्वांच्या असाव्यात. सूर्यास्तापूर्वीचे भोजन, उकळलेले पाणी, कंदमूळवर्ज्य स्वयंपाक हे नियम एकट्या वृद्ध दांपत्याला जड जातात. सामाईक भोजनगृहात ते सहज पाळले जातात.

विचार सुंदर आहे. तो बहुधा अडतो तो पैशापाशी.

ही कल्पना नवी नाही. डेन्मार्कमध्ये १९७२ साली सत्तावीस कुटुंबांनी ‘सेटेडामेन’ ही वसाहत उभारली. सहनिवासाच्या आधुनिक चळवळीचा आरंभ तेथून मानला जातो. परंतु भांडवल एकत्र करून घरे बांधण्याचा धडा मुंबईने त्याआधीच गिरवला होता. प्लेगनंतरच्या मुंबईत मध्यमवर्गीयांना निवारा दुर्मीळ झाला होता. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी प्रथम १९०६ मध्ये आपल्या ज्ञातिबांधवांसाठी शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली. त्यानंतर १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिची पद्धत भाडेकरू-सहभागीदारीची होती. इमारत संस्थेच्या मालकीची, आणि सदस्य एकाच वेळी भागधारक व भाडेकरू. या क्रमातच मोठी शिकवण आहे. आधी बचतीची आणि परतफेडीची सवय लागली, घर त्यानंतर आले.

जमीन: पहिला खर्च, पहिला धोका

पालीसारख्या गावात बहुतेक जमीन शेतीची असते. १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे बिगरशेतकऱ्याला ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून घेता येत नाही. तुकडेबंदीचा कायदा, अकृषिक वापराचे नियम, सातबाऱ्यावरील सर्व वारसांची संमती, रस्त्याचा हक्क हे सारे तपासल्याशिवाय विसार देणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय. एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या नावावर जमीन घेऊन ‘पुढे पाहू’ म्हणणारे गट पैसाही गमावतात आणि नातेही.

या टप्प्यावर गृहकर्जाचा आधार धरून चालत नाही. स्वच्छ मालकीहक्क आणि बांधकामाची मंजुरी यांशिवाय बँक गृहकर्ज देत नाही. म्हणून जमिनीची रक्कम सदस्यांच्या स्वतःच्या बचतीतूनच उभी राहावी लागते.

बारा कुटुंबांचे गणित

समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू या. बारा घरे, जमिनीच्या वाट्यासह प्रत्येकी चाळीस लाखांची. भोजनगृह, विहीर, रस्ता, सांडपाण्याची व्यवस्था मिळून एक कोटी वीस लाख. एकूण सहा कोटी, म्हणजे दर कुटुंबामागे पन्नास लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या मूल्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, तर तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात ऐंशी टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. ही केवळ कमाल मर्यादा होय. बँक तारण म्हणून सदस्याचे घर पाहते. सर्वांच्या भोजनगृहावर एकट्या सदस्याला कर्ज मिळणे कठीण. म्हणजे वसाहतीचा जो प्राण, तोच भाग स्वतःच्या पैशातून बांधावा लागतो. शिवाय साठी ओलांडलेल्यास परतफेडीची मुदत अल्प मिळते.

आता एका कुटुंबाने मध्येच माघार घेतली, तर पन्नास लाखांचे खिंडार पडते आणि उरलेल्या अकरांवर प्रत्येकी साडेचार लाखांहून अधिक भार येतो. त्यात सह्याद्रीचा पाऊस चार महिने काम थांबवतो, व्याज मात्र थांबत नाही. म्हणून खर्चाच्या अंदाजात राखीव निधी आणि प्रतीक्षायादीत दोन-तीन कुटुंबे आरंभापासूनच असावीत.

कायद्याचे संरक्षणही समजून घ्यावे. आपल्या सदस्यांसाठी सदनिका बांधणारी सहकारी गृहनिर्माण संस्थाही २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात ‘प्रवर्तक’ ठरते. जमीन पाचशे चौरस मीटरहून अधिक आणि सदनिका आठांहून अधिक असल्यास नोंदणी लागते. सदनिकेपोटी आलेल्या रकमेचा सत्तर टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवून तो जमीन व बांधकाम यांवरच खर्चावा लागतो. आपल्याच माणसांचा व्यवहार आहे म्हणून ही शिस्त सैल करू नये. आपल्या माणसांत ती अधिक हवी.

कोणता पैसा चालणार नाही

समाजाच्या वसाहतीसाठी मंदिराच्या शिलकीतून उसनवारी करावी, असा मोह होणे स्वाभाविक आहे. तो कटाक्षाने टाळावा. सप्तक्षेत्रांच्या मर्यादेत जिनबिंब व जिनमंदिर यांसाठी अर्पण झालेले द्रव्य श्रावकाच्या घरासाठी वापरता येत नाही. ते परत करण्याच्या बोलीवर घेतले तरी दोष टळत नाही. कायदाही हेच बजावतो. सार्वजनिक न्यासाचा पैसा कोठे गुंतवावा, यावर १९५० च्या न्यास अधिनियमाचे निर्बंध आहेत. साधर्मिक भक्तीसाठी स्वेच्छेने व त्याच हेतूने दिलेले दान मात्र गरजू कुटुंबाच्या वाट्याला हातभार लावू शकते. त्याची पावती आणि हेतू दोन्ही स्पष्ट लिहिलेले असावेत.

निघण्याचा दरवाजा

प्रवेशाचे नियम सारेच लिहितात, निर्गमनाचे थोडेच. सदस्य निवर्तला, आजारी पडला, मुलांकडे गेला, तर घराचे मूल्य कोण ठरवणार? वारसाला पैसे किती दिवसांत मिळणार? घर बाहेरच्यास विकता येईल का? बांधकामापूर्वीच यांची उत्तरे लेखी ठरली, तर पुढचे कलह टळतात. ज्याच्यापाशी पूर्ण रक्कम नाही, त्याला गावदेवीच्या धर्तीवर लहान भाग आणि मासिक भाडे हा मार्ग ठेवता येईल.

आणि पाली हे रिकामे माळरान नाही. तेथे भातशेती करणारी माणसे आहेत, त्यांचे पाणवठे आहेत. त्यांच्या विहिरी आटवून उभारलेल्या वसाहतीला अहिंसेचे नाव शोभणार नाही. जलसंधारणाचा खर्च म्हणूनच अंदाजपत्रकात पहिल्या पानावर हवा.

पाचवे अणुव्रत परिग्रहाला परिमाण घालण्यास सांगते. बारा घरांत बारा दिवाणखाने, बारा अतिथीखोल्या आणि बारा धुलाईयंत्रे नकोत, हे ठरले की सहा कोटींचा आकडा आपोआप खाली येतो. सहनिवासाच्या अर्थकारणातील सर्वांत स्वस्त भांडवल ते हेच. त्यावर व्याज लागत नाही आणि ते कोणत्याही बँकेत मिळत नाही.