एका मृत्युपत्राची कादंबरी

रहस्यकथा म्हटली कीं गुन्हेगाराचें नांव शेवटच्या पानापर्यंत दडवून ठेवावें, असा समज रूढ आहे. तो किती अपुरा आहे हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं अँथनी ट्रोलप ह्या इंग्रज ग्रंथकाराची ‘ऑर्ली फार्म’ ही कादंबरी अवश्य वाचावी. मार्च १८६१ पासून ऑक्टोबर १८६२ पर्यंत ती वीस मासिक भागांनीं प्रसिद्ध झाली.

वृद्ध सर जोसेफ मेसन मरण पावतात. मृत्युपत्रास जोडलेल्या पुरवणीप्रमाणें ऑर्ली फार्म ही मिळकत धाकट्या पत्नीच्या तान्ह्या मुलास, ल्युशियसला, मिळते. थोरला सावत्र मुलगा कोर्टांत भांडतो व हरतो. वीस वर्षें लोटतात. मोठा झालेला ल्युशियस सुधारलेल्या शेतीच्या भरांत डॉकरॅथ नांवाच्या वकिलाकडील दोन शेतें काढून घेतो. चिडलेला डॉकरॅथ सासऱ्याचें जुनें दप्तर चाळतो, आणि त्याच तारखेच्या, त्याच साक्षीदारांच्या सह्यांच्या दुसऱ्या एका दस्तऐवजाचा त्यास सुगावा लागतो. साक्षीदारांस तर त्या दिवशीं एकाच कागदावर सही केल्याचें आठवतें! मग पूर्वीच्या दाव्यांत शपथेवर खोटी साक्ष दिल्याचा आरोप लेडी मेसनवर येतो.

आमच्याकडे मिताक्षरेप्रमाणें वडिलार्जित मिळकतींत पुत्रास जन्मतःच हक्क पोंचतो. तो धाकटीचा म्हणून उणा पडत नाहीं. परंतु स्वार्जिताची व्यवस्था बापाच्या इच्छेवर असते, आणि ऑर्ली फार्म स्वार्जितच होतें. त्यांतून इंग्रज धनिकांत स्थावर थोरल्याकडे जाण्याची चाल. तेव्हां त्या मातेची चिंता आपल्या वाचकांस सहज समजेल.

पुरवणी बनावट होती व ती लेडी मेसननेंच केली, हें ग्रंथकार मध्यावरच सांगून टाकतो. पुढें १८८३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत, हें संविधानक आपलें सर्वोत्तम असलें तरी रहस्य फार लवकर फुटतें, असा दोष त्यानें स्वतःच दाखविला आहे. आमचें मत मात्र निराळें आहे. दोषी कोण हें कळल्यावरच खरी उत्कंठा लागते. आईवर नितांत विश्वास ठेवणाऱ्या मुलास हें कोणीं व कसें सांगावें? तिच्याशीं विवाह करूं इच्छिणाऱ्या वयोवृद्ध सर पेरेग्रिन ऑर्म ह्यांनीं काय करावें? अशील दोषी असल्याचा संशय असतांही वकिलानें निर्दोषत्वाची बाजू मांडावी काय? उलटतपासणीचीं प्रकरणें चुरशीचीं आहेत खरीं. पण सर्व कांहीं ठाऊक असूनही आरोपीचा हात धरून कोर्टांत शेजारीं बसणारी सर पेरेग्रिन ह्यांची विधवा सून, हें त्या ग्रंथांतील आम्हांस सर्वांत उदात्त वाटलेलें पात्र होय. अपराधाचा धिक्कार करावा, अपराध्यास मात्र टाकूं नये, हें ती एकही उपदेशपर व्याख्यान न देतां दाखविते.

ग्रंथ मोठा आहे, व शिकारीचीं कांहीं प्रकरणें चाळून पुढें गेलें तरी चालेल. पंचांचा निर्णय काय होतो तें आम्ही येथें सांगत नाहीं. परंतु निर्णय वाचून पुस्तक मिटूं नये. मुलगा त्या मिळकतीचें काय करतो, तें त्यानंतरच्या पानांत आहे.