सायफनचा भरवसा : भारनियमनाच्या वर्षांचा मागोवा

मत्स्यटाकीच्या खालच्या कपाटात दुसरी टाकी ठेवायची, तिच्यात गाळणीचे साहित्य भरायचे, वरचे पाणी खाली सोडायचे आणि पंपाने पुन्हा वर चढवायचे. ही मांडणी अमेरिकेत १९८६ नंतर झपाट्याने पसरली. त्या वर्षी ‘फ्रेशवॉटर अँड मरीन अक्वेरियम’ मासिकात जॉर्ज स्मित यांची प्रवाळटाक्यांवरची लेखमाला सुरू झाली आणि घरात समुद्र सांभाळता येतो हे हौशी लोकांना पटले. अडचण एवढीच होती की तिथल्या टाक्या कारखान्यातून तयार येत आणि अनेकींचा तळ टफन्ड काचेचा असे. अशा काचेला भोक पाडायला गेले की तिचा चुरा होतो. म्हणून काठावर लटकवायची सायफनची पेटी आली. तिचा अर्धा भाग टाकीच्या आत, अर्धा बाहेर, आणि दोन्ही भागांतले पाणी जोडणारी उलट्या ‘यू’सारखी नळी काठावरून गेलेली. वीज गेली तरी नळीची दोन्ही तोंडे पाण्यात बुडालेली राहतात, सायफन तुटत नाही आणि वीज येताच प्रवाह आपोआप सुरू होतो, असा तिचा दावा. तो दावा बहुतेक वेळा खरा ठरतो. प्रश्न ‘बहुतेक’ या शब्दाचा आहे, आणि त्याचे उत्तर ठाणे-डोंबिवलीत अमेरिकेपेक्षा वेगळे येते.

जून २००५मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी आली, ती राज्यातल्या तीव्र वीजटंचाईच्या काळात. मुंबईत बेस्ट आणि टाटाच्या ग्राहकांची वीज सुरू राहिली. मुलुंडचा नाका ओलांडून ठाण्यात, पुढे कल्याण-डोंबिवलीत आले की भारनियमनाचे वेळापत्रक लागू. वितरणातली गळती आणि बिलांची वसुली पाहून भागांचे गट पाडलेले, त्यानुसार तास ठरलेले. २०१२च्या अखेरीस कमी गळतीच्या भागांची त्यातून सुटका झाली. मासे पाळणाऱ्यांनी या काळाकडे आपल्या उपकरणांची परीक्षा म्हणून पाहिले पाहिजे असे मला वाटते, कारण सायफनची पेटी सलग चालताना फारशी दगा देत नाही. ती दगा देते पुन्हा सुरू होताना. तिचा भरवसा किती महिने चालली यावर मोजणे चुकीचे आहे. किती वेळा बंद पडून पुन्हा सुरू झाली, हाच खरा हिशेब.

समजा, शंभरपैकी साडेनव्याण्णव वेळा पेटी बिनचूक सुरू होते. वर्षाला दहा वेळा वीज जाणाऱ्या घरात असा घोटाळा वीस वर्षांत एकदा होईल, आणि त्या घरचा माणूस पेटी निर्धोक आहे असे प्रामाणिकपणे सांगेल. रोज दोनदा वीज जाणाऱ्या डोंबिवलीतल्या घरात तीच पेटी वर्षाला ७३० वेळा सुरू व्हायची, म्हणजे तीन-चार वेळा फरशीवर पाणी. दोघांचाही अनुभव खरा, पेटीही तीच.

बिघाड होतो कसा, हे नळीच्या वळणाशी डोळे नेऊन पाहिले की कळते. वाहत्या पाण्याबरोबर बारीक बुडबुडे येतात; पारदर्शक नळीवर दिव्याच्या उजेडात हिरवे शेवाळ धरले असेल तर तेही प्राणवायू सोडते. शिवाय वळणातल्या पाण्यावरचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्याने विरघळलेली हवाही तिथे सुटते. प्रवाह जोरात असेपर्यंत यातले बरेच बुडबुडे वाहून जातात. प्रवाह थांबला की दोन्ही बाजूंचे बुडबुडे वर चढतात आणि वळणात एकत्र येतात. हवेने वळण पुरते अडवले असेल, तर वीज आल्यावर पंप पाणी चढवत राहतो आणि ते उतरायला वाट नसते. ९० बाय ४५ सेंटीमीटरच्या टाकीत एक सेंटीमीटर उंची म्हणजे सुमारे चार लिटर. काठापर्यंत तीन सेंटीमीटर मोकळे असतील तर बारा लिटर मावतात. तासाला १५०० लिटर चढवणारा पंप ते अर्ध्या मिनिटात भरतो. खालच्या टाकीतल्या पंपाच्या कप्प्यात चाळीस लिटर असेल तर उरलेले अठ्ठावीस लिटर पुढच्या मिनिटभरात जमिनीवर. ठाण्यात टेंभी नाक्याच्या परिसरातल्या जुन्या इमारतीत ते खालच्या घराच्या छतातून उतरते आणि मासे पाळण्याचा विषय सोसायटीच्या बैठकीत जातो.

यावर पहिले उत्तर दिले जाते ते दोन नळ्यांचे. एक तुंबली तर दुसरी आहे, हे कचऱ्याच्या बाबतीत बरोबर. हवेच्या बाबतीत नाही. प्रवाह दोघींत विभागला की प्रत्येकीतला वेग कमी होतो आणि बुडबुडे वाहून जाण्याऐवजी रेंगाळतात. एकाच कारणाने दोन्ही बंद पडू शकतात. दुसरे उत्तर वळणातली हवा सतत ओढणाऱ्या छोट्या पंपाचे. तो उपयोगी आहे यात शंका नाही, पण तो त्याच विजेवर चालतो आणि त्याची बारीक नळी तुंबली तरी बाहेरून पटकन कळत नाही. तिसरे उत्तर इन्व्हर्टरचे, आणि ते मला सर्वांत भक्कम वाटते. मात्र तिथे भरवसा इन्व्हर्टरचा आहे, पेटीचा नव्हे. भारनियमन संपले, आता हा प्रश्नच उरला नाही, असेही म्हणता येईल. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी कळवा-पडघा वाहिन्यांवरच्या बिघाडानंतर मुंबईसह ठाण्याची वीज गेली, तेव्हा एरवी महिनोन्‌महिने न थांबलेल्या पेट्यांनाही पुन्हा सुरू होण्याची परीक्षा द्यावी लागली. क्वचित थांबणाऱ्या पेटीची परीक्षा कमी वेळा होते, सोपी होत नाही. उलट मधल्या काळात शेवाळ वाढलेले असते आणि लक्ष उडालेले असते.

मला यात सर्वांत खटकते ते हे, की पेटी ज्या अडचणीतून जन्मली ती आपल्याकडे मुळात फारशी नव्हतीच. आपल्याकडच्या बऱ्याच टाक्या साध्या काचेचे तुकडे कापून, सिलिकॉनने जोडून, गिऱ्हाइकाच्या मापाने बनतात. जोडण्याआधी मागच्या काचेला डायमंड बिटने भोक पाडणे सरावाच्या कारागिराला अवघड नाही. त्या भोकातून पाणी सरळ गुरुत्वाकर्षणाने उतरते. कितीही वेळा वीज जावो, पुन्हा भरण्यासारखे काही नसतेच. भोकही तुंबते, हा आक्षेप खरा आहे. गोगलगाय, पान, मेलेला मासा, काहीही अडकते. म्हणून जाळी हवी आणि थोड्या उंचीवर दुसरे, एरवी कोरडे राहणारे भोक हवे. परतीच्या नळीचे तोंड खोल बुडालेले असेल तर वीज गेल्यावर तीच उलटी वाहू लागते, हा धोका दोन्ही मांडण्यांत सारखाच आहे.

ज्यांची टाकी भरलेली आहे, मासे वाढलेले आहेत, त्यांना भोक पाडा म्हणणे सोपे नाही. त्यांनी पंपाचा कप्पाच लहान करावा. वर बारा लिटर मावत असतील तर पंपाला दहाच लिटर मिळावेत. सायफन तुटला तर कप्पा रिकामा होईल आणि पंप कोरडा फिरेल. पंप जळाला तर नवा घेता येतो. कप्पा लहान असला की बाष्पीभवनाचे पाणी रोज घालावे लागते, ही त्याची किंमत. मांडणी पुरी झाल्यावर एखाद्या सुटीच्या दिवशी बटण पुन्हापुन्हा बंद-चालू करून पाहावे, आणि त्यातल्या एका वेळी वळणात मुद्दाम हवा सोडून पाणी कुठवर चढते ते पाहावे.