ओढ आणि भीती यांची रस्सीखेच

संघर्ष म्हटले की आपल्याला मारामारी, निदान भांडण तरी आठवते. मानसशास्त्रात मात्र या शब्दाचा अर्थ अधिक व्यापक आहे. एकाच वेळी दोन विरुद्ध प्रेरणा मनाला खेचू लागल्या, की संघर्ष सुरू झालाच. मग आवाज चढो वा न चढो.

कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात अशा संघर्षाचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात दोन हव्याशा गोष्टींतून एकच निवडायची असते : सुटीत सिंहगडावर जावे की नाटकाला? दुसऱ्यात दोन्ही गोष्टी नकोशा असतात : गृहपाठाचा कंटाळा आणि तो न केल्यास बोलणी खाण्याची धास्ती. तिसऱ्यात एकच गोष्ट हवीशीही असते आणि नकोशीही : वर्गात उत्तर द्यावेसे वाटते, पण चुकलो तर मुले हसतील!

हा तिसरा प्रकार अवघड का? नील मिलर यांनी पुढे त्याचे कारण मांडले. लक्ष्य जवळ येते तशी ओढ वाढते, पण भीती त्याहून झपाट्याने वाढते. म्हणून माणूस पुढे सरसावतो, थबकतो, पुन्हा मागे फिरतो.

नाटककार नेमका हाच क्षण पकडतो. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आले. अपमानित घाशीरामला सूड घ्यायला सत्ता हवी आहे. ती नानांकडे आहे आणि तिची किंमत आहे त्याची स्वतःची मुलगी. हवेसे आणि नकोसे एकाच दाराशी उभे! निवड घाशीराम करतो. आपण मात्र खुर्चीत सुरक्षित बसून तिचे परिणाम पाहतो. नाटकातील संघर्ष आपल्याला खिळवून ठेवतो तो यामुळेच.

या नाटकाने रंगमंचाबाहेरही संघर्ष पेटवला. काहींना त्यात नाना फडणविसांची बदनामी दिसली. इतरांच्या मते ते इतिहासाचे नव्हे, सत्तेच्या व्यवहाराचे नाटक होते. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने प्रयोग थांबवले. कलावंत बाहेर पडले आणि १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन झाली. तिने हे नाटक पुन्हा उभे केले. एका संस्थेत न सुटलेल्या वादातून दुसरी संस्था जन्मली.

वर्गात दोन मुले भांडली, तर ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न थोडा लांबवून पाहू या. त्याआधी प्रत्येकाला विचारू : तुला काय हवे होते, आणि भीती कशाची वाटत होती? उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली, की तीनपैकी कोणता प्रकार आहे, हे मुलेच शोधून काढतील.